आगबोटीच्या पोटातला आगवाला

वाफेवर चालणाऱ्या दोन वाहनांना मराठीत जी नावं मिळाली, त्यांत वाफेचा पत्ताच नाही. एक आगगाडी, दुसरी आगबोट. ज्यांनी ही यंत्रं बनवली त्यांना वाफेचं कौतुक होतं. आपल्या लोकांच्या डोळ्यांत भरली ती आग. नाव ठेवणारा जो कुणी होता त्याची नजर पक्की होती असं म्हणावं लागतं. वाफ हे नुसतं साधन आहे, ऊर्जा येते ती जळणातून. आणि आग म्हटली की ती पेटती ठेवणारं कुणीतरी आलंच. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या वाफेच्या इंजिनाच्या आकृतीत बॉयलर असतो, सिलिंडर असतो, दट्ट्या असतो, चाक असतं. बॉयलरखाली ज्वाळाही काढलेल्या असतात. त्या ज्वाळांत कोळसा कोण टाकतो, हे मात्र आकृतीत कुठेच नसतं.

हा लेख त्या न काढलेल्या माणसाबद्दल आहे. आगबोटींवर त्याला ‘आगवाला’ म्हणत. कोळसा ओढून आणणारा तो कोळसेवाला, यंत्रांना तेल देणारा तो तेलवाला, आणि या सगळ्यांवरचा मुकादम म्हणजे सारंग. त्याच्या हाताखाली टंडेल.

आमच्या चाकूर तालुक्यातल्या मुलाला समुद्र बघायचा तर चारशे किलोमीटरांहून जास्त प्रवास करावा लागतो. आगगाडी मात्र घरची आहे. लातूर रोड जंक्शन याच तालुक्यात येतं, आणि लातूरला बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली पोचली. कोळशाच्या इंजिनात फावडं घेऊन उभा असलेला फायरमन गावातल्या वयस्कर मंडळींनी पाहिलेला आहे. मुलांना त्यांच्याकडे जरूर पाठवावं. या छोट्या रेल्वेचा आणि समुद्राचा एक धागाही आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ठेकेदारीची सुरुवात बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून केली, आणि पुढे ज्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, त्या कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आपण पाळतो तो त्यामुळे. ‘लॉयल्टी’ तेव्हा नवी नव्हती, १८९१ साली बांधलेली होती, आणि अर्थातच कोळशावर चालणारी होती.

आगगाडीच्या फायरमनला निदान वारा लागतो. स्टेशन येतं, गाडी थांबते, तो खाली उतरून पाणी पितो. आगबोटीची भट्टीखोली पाण्याच्या पातळीच्या खाली, जहाजाच्या अगदी तळाशी असते. तिला खिडकी नाही, आणि स्टेशनही नाही. मुंबईहून निघालेली बोट एडनला पोचेपर्यंत आठवडाभर, रात्रंदिवस, आग एका क्षणासाठीही मंद होऊन चालत नाही.

या मार्गावरची पहिली आगबोट मुंबईतच बांधली गेली होती. तिचं नाव ‘ह्यू लिंडसे’. मुंबईच्या गोदीतल्या वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी ती १८२९ मध्ये पाण्यात उतरवली. वजन ४११ टन, आणि ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुवेझकडे निघाली. तिच्या कोठारात साडेपाच दिवसांचा कोळसा मावत होता, आणि एडन होतं अकरा दिवसांच्या अंतरावर. तेव्हा करायचं काय? उतारूंच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरला. बोट पाण्यात इतकी खोल बसली की हलणंच अवघड झालं. एडनला ती पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. सुवेझ गाठायला एकूण ३३ दिवस लागले. शिडाच्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला जायला कित्येक महिने लागत, त्या काळात हा चमत्कारच होता. पण या चमत्काराचं पोट फार मोठं होतं. नऊ वर्षांनी, जानेवारी १८३९ मध्ये, इंग्रजांनी मुंबईहून फौज पाठवून एडन जिंकलं. कारणं आणखीही होती, पण कोळशाची वखार हे त्यांतलं ठळक कारण होतं. त्यानंतर १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता. इतिहासाच्या तासाला एडन आलं तर कोळशाची आठवण करून द्यायला हरकत नाही.

इतका कोळसा लागायचा तरी का? इथे फळ्यावर एक छोटं गणित मांडता येईल. एक अश्वशक्ती तासभर वापरली तर सुमारे २७ लाख ज्यूल कार्य होतं. एक किलो चांगला कोळसा जळला की सुमारे ३ कोटी ज्यूल उष्णता मिळते. सुरुवातीच्या जहाजी इंजिनांना एका अश्वशक्तीला दर तासाला चार किलोच्या आसपास कोळसा लागत असे. म्हणजे १२ कोटी ज्यूल आत आणि २७ लाख बाहेर. कार्यक्षमता निघते सव्वादोन टक्के! उरलेली उष्णता धुरांड्यातून, थंड पाण्यातून आणि बॉयलरच्या पत्र्यातून जहाजभर जाई. त्यातला काही वाटा आगवाल्याच्या अंगावर.

पुढच्या पन्नास वर्षांत चित्र पालटलं. सुरुवातीला बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी घालत. मिठाची खपली धरू नये म्हणून तापलेलं पाणी वारंवार सोडून द्यावं लागे, आणि खपलीच्या भीतीने दाबही वाढवता येत नसे. वापरलेली वाफ नळ्यांमध्ये थंड करून तेच गोडं पाणी पुन्हा बॉयलरमध्ये घालायची सोय १८६० नंतर रूढ झाली. मग दाब वाढवता आला. एकाच वाफेला दोन आणि १८८० नंतर तीन सिलिंडरांमध्ये क्रमाक्रमाने प्रसरण पावू देणारी इंजिनं आली. कोळशाचा खप अश्वशक्तीला तासाला पाऊण किलोच्या आसपास उतरला. याची कार्यक्षमता मुलांनाच काढू द्या. बारा टक्क्यांच्या आसपास येईल.

आता कुणीही म्हणेल की कोळसा पाचपटीने कमी झाला, म्हणजे आगवाल्यांची संख्याही कमी झाली असेल. झालं उलटंच. इंजिनं काटकसरी झाली म्हणून जहाजं मोठी आणि वेगवान करणं परवडू लागलं. आणि वेगाचा हिशेब मोठा कठोर आहे. जहाजाचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध ढोबळमानाने चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. प्रवासाचा वेळ निम्मा होतो हे धरूनही एका फेरीला चौपट कोळसा लागतो. चित्रपटामुळे मुलांच्या ओळखीच्या झालेल्या ‘टायटॅनिक’ला २९ बॉयलर होते आणि त्यांना १५९ भट्ट्या. त्यातली प्रत्येक भट्टी फावड्याने भरायची होती.

चुलवाणाला जाळ घालणारा माणूस आपल्याकडच्या मुलांनी गुऱ्हाळावर पाहिलेला असतो. चिपाडं आत सारायची, जाळ एकसारखा ठेवायचा. आगवाल्याचं काम त्याच जातीचं, पण फार जास्त कसबाचं होतं. कोळसा ढिगासारखा फेकून चालत नाही. जाळीवर तो पातळ आणि सारखा पसरला पाहिजे, नाहीतर मधूनमधून भोकं पडून थंड हवा वर घुसते आणि वाफेचा दाब उतरतो. एकदम जास्त टाकला तर त्यातले ज्वलनशील वायू पुरेशी हवा मिळण्याआधीच धुरांड्यातून निघून जातात. काळाकुट्ट धूर म्हणजे न जळलेला कोळसाच. भट्टीचं दार उघडं राहील तितका वेळ आतली उष्णता बाहेर आणि बाहेरची गार हवा आत. म्हणून दार उघडायचं, चार-सहा फावडी नेमकी फेकायची आणि लगेच लावायचं. थोड्या वेळाने लांबलचक लोखंडी सळीने निखारे खालून उचकायचे. राख वितळून जाळीवर बसलेले दगडासारखे खडे फोडून बाहेर ओढायचे, त्यांच्यावर पाणी मारायचं, आणि त्या वाफेत उभं राहून राख वर पाठवायची. समुद्र खवळलेला असेल तर हे सगळं डोलणाऱ्या जमिनीवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या जहाजांवर एक यंत्र आलं. ठराविक वेळाने ते घंटा वाजवी आणि कुठल्या भट्टीचं दार आता उघडायचं त्याचा आकडा दाखवी. एकाच वेळी अनेक दारं उघडून दाब उतरू नये, हा हेतू. माणसाने यंत्राला खाऊ घालायचं आणि केव्हा ते यंत्राने सांगायचं!

कोळसेवाल्याचं काम त्याहून अंधारातलं. कोठारातून ढकलगाडीने कोळसा आणून भट्टीसमोर टाकायचा. प्रवास पुढे जाईल तसतसा कोळसा दूरच्या कोपऱ्यांत उरतो, म्हणून त्याची वाट रोज लांबत जाते. साठलेल्या कोळशाची हवेशी संथ अभिक्रिया चालू असते. त्यातून कोठारातला प्राणवायू कमी होतो, आणि उष्णता कोंडली तर कोळसा आपोआप पेटतोही.

पाळी चार तासांची, मग आठ तास सुट्टी, मग पुन्हा चार तास. एका पाळीत एक आगवाला दोन टनांच्या आसपास कोळसा हाताळी. मुलांना विचारा: दोन टन कोळसा एक मीटर वर उचलायला किती कार्य लागलं? उत्तर येतं सुमारे २० हजार ज्यूल. एका बिस्किटातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या चौथ्या हिश्श्याइतकंसुद्धा नाही! मग तो एवढा दमतो कशाने? ‘कार्य’ या शब्दाचा पदार्थविज्ञानातला अर्थ आणि शरीराला पडणारे कष्ट यांतला फरक समजावून द्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. स्नायू भराभर आखडतात-सैलावतात, फावड्याबरोबर शरीरही वाकतं आणि उठतं, आणि या सगळ्यात खर्च होणारी बहुतेक ऊर्जा शरीरातच उष्णता म्हणून उरते. भारी कष्ट करणारा माणूस साधारण ५०० वॅटची शेगडीच असतो म्हणा ना.

ही उष्णता बाहेर टाकायची कशी? हवा त्वचेहून थंड असेल तर काही भाग हवेत जातो. भट्टीखोलीचं तापमान सहज ५० अंश सेल्सिअसच्या घरात जाई, म्हणजे हवाच शरीराला तापवणार. भट्टीचं दार उघडलं की हजार अंशांपलीकडच्या निखाऱ्यांचं प्रारण थेट छातीवर. उरतो एकच मार्ग, घाम. एक लिटर घाम सुकताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. ५०० वॅटने तासाला १८ लाख ज्यूल होतात. म्हणजे नुसत्या स्वतःच्या उष्णतेसाठी पाऊण लिटर, भट्टीची उष्णता वेगळी. चार तासांत पाच-सहा लिटर घाम सहज जाणार. त्याबरोबर मीठही जातं. तहान भागवायला माणूस नुसतं पाणी पीत राहिला तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि हातापायांत, पोटात भयंकर गोळे येतात. भट्टीखोल्यांत आणि खोल खाणींत हे गोळे नेहमीचे होते. मीठ घातलेलं पाणी दिलं की ते थांबतात, हे इंग्लंडमध्ये खाणकामगारांच्या अभ्यासातून १९२३ च्या सुमारास स्पष्ट झालं. आपल्याकडे उन्हात राबणाऱ्याला मीठ घातलेलं ताक किंवा कांदा-मीठ-भाकरी देतात, त्यात हे ज्ञान कधीचं मुरलेलं आहे.

पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकला पाहिजे. लातुरात एप्रिलमध्ये पारा ४१ वर असतानाही कूलर छान चालतो आणि मुंबईत मे महिन्यात ३४ वर तो कुचकामी ठरतो, हे मुलांना अनुभवाने ठाऊक असतं. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला आणि दोन्ही तापमापींतला फरक पाहा. कोरडी हवा असेल तर ओल्या फडक्याचा पारा बराच खाली उतरतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये दाखवून दिलं की माणूस किती उष्णता सोसेल ते साध्या पाऱ्यावर ठरत नाही, या ओल्या पाऱ्यावर ठरतं. स्थिर हवेत ओला पारा ३१ अंशांपुढे गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाचंही शरीर तापत जातं. आणि सतत भारी कष्ट करायचे तर २५-२६ अंशांनाच मर्यादा येते.

आता लाल समुद्र घ्या. उन्हाळ्यात त्याचं पाणीच ३० अंशांपुढे असतं आणि वरची हवा दमट. हीच हवा खाली नेऊन ५० अंशांपर्यंत तापवली तर ओला पारा ३१-३२ वर जातो. बसलेल्या माणसाची मर्यादा संपते तिथे आगवाल्याने फावडं मारायचं होतं. डेकवर मोठाल्या कर्ण्यांसारखे वातनळ असत, ते वारा पकडून खाली ढकलत. पण समजा बोट ताशी २० किलोमीटर वेगाने उत्तरेला चालली आहे आणि मागून वाराही ताशी २० किलोमीटरचाच आहे. मग बोटीवर वारा किती? शून्य! सापेक्ष वेगाचं हे गणित नववीचा मुलगा तोंडी करील. लाल समुद्रात असं झालं की कधीकधी कप्तान बोट उलटी फिरवून काही वेळ वाऱ्याच्या तोंडावर चालवी, खालच्या माणसांना श्वास घेता यावा म्हणून. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलं की आधी भान हरपतं. भट्टीखोलीतून धावत वर आलेल्या माणसाने थेट समुद्रात उडी टाकल्याच्या नोंदी त्या काळच्या कागदपत्रांत एक-दोन नाहीत. कुठल्याही देशाच्या माणसांबद्दल त्या आहेत.

मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर हे काम हिंदी माणसांकडे होतं. कामांची वाटणी जवळजवळ जातींसारखी झालेली. डेकवर रत्नागिरीचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, उतारूंच्या जेवणाखाण्याकडे गोव्याचे ख्रिस्ती, आणि खाली भट्टीवर एकोणिसाव्या शतकात आधी सिद्दी, मग पंजाबी मुसलमान आणि पठाण. हे सिद्दी म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले मजूर. जंजिऱ्याच्या नवाब घराण्याशी त्यांचा घोळ करू नये. हिंदी आगवाल्याचा पगार ब्रिटिश आगवाल्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका असे. झोपायच्या जागेतही फरक. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने ब्रिटिश खलाशाला ७२ घनफूट जागा द्यायची होती, हिंदुस्थानच्या कायद्याने हिंदी खलाशाला ३६. १९०६ मध्ये ब्रिटिश खलाशाचे १२० घनफूट झाले. ३६ घनफूट म्हणजे किती, हे वर्गात खडूने आखून बघावं: सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच.

या वाटणीचं समर्थन विज्ञानाच्या भाषेत केलं जाई. हिंदी माणूस उष्ण देशातला, त्याला उष्णता जन्मतःच सोसते, गोऱ्याला सोसत नाही. ऐकायला पटण्यासारखं आहे, आणि आजही असं बोलणारे भेटतात. पण मुंबईचे आगवाले येत कुठून? मोठ्या संख्येने मीरपूरच्या डोंगराळ भागातून आणि अटकच्या आसपासच्या मुलखातून. हिवाळ्यात तिथली थंडी शून्याजवळ जाते! शरीर उष्णतेला सरावतं हे खरं. रोज उष्णतेत काम केलं की आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ही क्रिया सगळ्या माणसांत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत १९३० नंतर तिचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि वापरही. आणि उष्णतेपासून दूर गेलं की काही आठवड्यांत हा सराव ओसरतो. म्हणजे थंडीचे चार महिने गावी काढून आलेल्या मीरपूरच्या आगवाल्याला थेट लाल समुद्रातल्या भट्टीसमोर उभं केलं, तर त्याचं शरीर ग्लासगोहून आलेल्या माणसाइतकंच नवखं. त्याला स्वस्तात मिळणारा माणूस म्हणायचं सोडून उष्णता सोसणारा माणूस म्हटलं, एवढंच.

नोकरी मिळायची तीही सारंगामार्फत, आणि त्याला पैसे चारून. भरतीच्या या पद्धतीची चौकशी करायला १९२२ मध्ये क्लो समिती नेमली गेली. सुधारणा फारच सावकाश आल्या. दुसरं महायुद्ध सुरू होताच, १९३९ च्या शरदात, ब्रिटनपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या बंदरांत हिंदी खलाशांनी संप केले. कित्येकांना तुरुंगात टाकलं, पण पगार वाढवावा लागला.

भट्टीखोली रिकामी केली ती शेवटी तेलाने. तेल नळातून येतं, फवारा होऊन जळतं, राख उरत नाही. ‘टायटॅनिक’ची बहीण ‘ऑलिंपिक’ १९२० मध्ये तेलावर आली, तेव्हा बॉयलर-इंजिनाकडची माणसं सुमारे साडेतीनशेवरून साठांवर आली असं सांगतात. पण नवं यंत्र बसवायची घाई माणूस महाग असतो तिथे जास्त असते. हिंदी आगवाल्यांच्या मालवाहू बोटी दुसऱ्या महायुद्धानंतरही बरीच वर्षं कोळसा खात होत्या.

मुंबईत मशीद बंदराजवळ जुनं खलाशीगृह आहे, इंडियन सेलर्स होम. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या साडेसहा हजारांच्या आसपास खलाशांची नावंही तिथे नोंदलेली आहेत. पाणतीर लागतो तो बहुधा पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे भट्टीखोलीच्याच बाजूला. तिथल्या माणसाला वर यायला उभ्या लोखंडी शिड्या. या स्मारकांच्या नोंदवह्यांत नावापुढे हुद्दा लिहिलेला असतो. फायरमन. ट्रिमर. फायरमन.